ट्रेलरच्या पाण्याच्या टाकीचं पोट सुटतंय? नुसती पट्टी बदलून भागणार नाही

कॅम्पिंग ट्रेलरच्या खाली बसवलेली पिण्याच्या पाण्याची टाकी मधोमध लोंबायला लागते. मग गॅरेजात नेऊन पट्ट्या बदलल्या जातात, बोल्ट आवळले जातात, एखादी सहल नीट पार पडते आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असं झालं की माणूस टाकीलाच दोष देऊन नवी टाकी आणतो, आणि तीही सहा-आठ महिन्यांत तशीच होते.

दोष टाकीचा क्वचितच असतो. प्लास्टिकची टाकी पाणी साठवण्यासाठी असते, स्वतःचं वजन पेलण्यासाठी नव्हे. घरच्या गच्चीवरची टाकी आपण सपाट ओट्यावर ठेवतो, तीच टाकी चालत्या गाडीखाली मात्र दोन पट्ट्यांवर टांगतो. इथे दुरुस्त करायचा असतो तो आधार.

पुढचे सगळे आकडे १२०० × ६०० × २०० मिमी टाकीचे आहेत. तिच्यात १४४ लिटर, म्हणजे १४४ किलो पाणी बसतं. टाकीचं स्वतःचं वजन धरून दीडशे किलोच्या पुढे गेलात. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात बदल करा, पद्धत तीच राहते.

आधी बघा, लोंबतंय नक्की काय

ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना ठोकळे लावा. टाकीच्या तळाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवंड्याची लाइनदोरी ताणा. दोरीपासून तळाचं अंतर तीन ठिकाणी मोजा: पुढच्या आधाराशी, मधोमध, मागच्या आधाराशी. एकदा टाकी रिकामी असताना, एकदा पूर्ण भरल्यावर. हे सहा आकडे टाकीवरच मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील.

पट्ट्या सरळ आहेत पण टाकीचा तळ त्यांच्या मधून खाली उतरलाय, असं असेल तर टाकीला खालून पुरेसं अंथरूण नाही. पट्टीच कमानीसारखी वाकली असेल तर पट्टीचा प्रकार चुकला. एकच कोपरा खाली आला असेल तर बोल्टाचं भोक लांबट झालंय का आणि वेल्डिंगला तडा गेलाय का, ते बघा. तडा धुळीखाली दिसत नाही. ओल्या फडक्याने जोड पुसून वाळू द्या. जिथून गंजाची तांबडी रेघ उतरलेली दिसेल, तिथे तडा आहे असं समजा.

टाकीचा तळच नव्हे तर बाजू आणि माथाही फुगलेला दिसला तर प्रकरण वेगळं, तिथे हवेची नळी तुंबलेली असते. त्याबद्दल पुढे येईल. ट्रेलरच्या आतली फरशीच टाकीच्या वर दबलेली वाटत असेल, तर कारागिराने टाकीचे बोल्ट चेसिसला, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, न लावता फरशीच्या प्लायमधून काढले आहेत. पावसाळ्यात प्लाय ओल धरतो, बोल्टाचं डोकं लाकडात रुतत जातं आणि टाकी थोडी थोडी खाली येते. तिथे कितीही आवळा, प्रत्येक आवळणीबरोबर लाकूड आणखी चेपतं.

आडवी पट्टी का हरते

हा भाग नीट समजून घ्या. कारागिराशी वाद घालताना हाच कामाला येतो.

सर्रास वापरली जाते ती ४० × ५ मिमीची लोखंडी पट्टी. टाकीखाली दोन पट्ट्या आडव्या, दोन्ही टोकं चेसिसकडे वळवून बोल्ट केलेल्या. एका पट्टीवर ७५ किलो येतात. चेसिसच्या दोन बाजूंमध्ये ७०० मिमी अंतर धरलं, तर अशी पट्टी मधोमध जवळजवळ ४० मिमी खाली झुकते, तेही गाडी उभी असताना. शिवाय तिच्यातला ताण साध्या लोखंडाच्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे जातो, म्हणजे टाकी रिकामी केली तरी पट्टी पूर्ववत सरळ होत नाही. त्यात गावागावांतले गतिरोधक आणि रस्त्यातले खड्डे आले. चाक आपटतं तेव्हा क्षणभर वजन दुप्पट-तिप्पट होतं, म्हणून हिशोब नेहमी तिप्पट वजनाचा धरावा.

आता त्याच जागी ४० × ४० × ५ चा अँगल, म्हणजे इंग्रजी L च्या आकाराचं लोखंड, घ्या. तेच ७०० मिमी, तेच ७५ किलो. झोल भरतो सुमारे ०.३ मिमी. वजनात पट्टी मीटरला १.६ किलो आणि अँगल ३ किलो, म्हणजे लोखंड दुपटीहून कमीच लागलं, पण ताठपणा शंभरपटीहून जास्त मिळाला. वाकण्याला विरोध करते ती उभी उंची. पाच मिमी जाडीच्या पट्टीला ती उंची नसतेच. म्हणून "पाचच्या जागी सहाची पट्टी टाकू" हा सल्ला ऐकू नका. सहाच्या पट्टीने झोल ४० वरून २३ वर येईल, इतकंच.

पट्टी निकामी आहे असं मात्र नाही. टांगून ओढायला ती उत्तम असते. ४० × ५ ची पट्टी उभी टांगली तर या टाकीचं वजन तिला काहीच नाही. म्हणून नव्या चौकटीत पट्टी उभ्या पायांना आणि तिरक्या ताणांना वापरायची, आडवं पेलायचं काम अँगलने करायचं.

दोन आधारांमधली जागा हाही मुद्दा आहे. दोन पट्ट्यांत ७०० ते ८०० मिमी अंतर असेल तर मधला तळ पाच-सहा मिमी जाडीच्या प्लास्टिकवर उभा असतो. ही तर दोनच नवार उरलेली बाज झाली. पट्ट्या कितीही मजबूत केल्या तरी मधलं पोट सुटणारच.

उन्हाचा हात

या टाक्या पॉलिइथिलीनच्या असतात. या प्लास्टिकवर सतत वजन राहिलं की ते हळूहळू पसरत जातं आणि पसरलेलं पूर्णपणे मागे येत नाही. उष्णतेने हे जोरात होतं. साठ अंशांच्या आसपास त्याचा ताठपणा जवळपास निम्म्यावर येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो आणि टाकी त्या डांबरापासून वीतभर उंचीवर असते. म्हणून पुण्या-नाशिककडे चार वर्षं टिकलेली मांडणी इथे एका उन्हाळ्यात झुकते.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे सहलीवरून आल्यावर उरलेलं पाणी टाकीत तसंच ठेवून ट्रेलर अंगणात उन्हात उभा करणं. चार दिवसांच्या प्रवासाने होत नाही तेवढं नुकसान एप्रिल-मेचे दोन महिने भरून ठेवल्याने होतं. घरी आलात की कॉक उघडा आणि टाकी रिकामी करा.

तापण्या-थंडावण्याने टाकी लांबीला कमी-जास्तही होते. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी पन्नास अंश, एवढ्या फरकात १२०० मिमीची टाकी साधारण ८ मिमी वाढते. चौकटीत ती गच्च बसवली तर वाढायला जागा नाही, मग ती खाली किंवा वर फुगते. पुढे-मागे पाच-पाच मिमी मोकळी जागा सोडाच.

नवी चौकट

सामान असं लागेल: ४० × ४० × ५ अँगल साडेपाच मीटर (सुमारे १६ किलो), ४० × ५ पट्टी सव्वाचार मीटर (साडेसहा किलो), १२ मिमी मरीन प्लाय १२०० × ६०० चा एक तुकडा (आयएस ७१० छाप बघून घ्या, साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात सुटतो), एम-१० चे (१० मिमी जाडीचे) ८.८ ग्रेडचे आठ बोल्ट आणि तिरक्या ताणांसाठी आणखी लागतील तेवढे, नायलॉक नट, मोठे वॉशर, ६ मिमी ईव्हीए फोमची पट्टी, रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट. पूर्ण चौकट २८-३० किलो भरते. ट्रेलरच्या भारक्षमतेतून तेवढं वजा धरा.

टाकी आधी पूर्ण रिकामी करा. कॉकमधून पाणी थांबलं तरी तळाशी दहा-पंधरा लिटर उरलेलं असतं, ते ट्रेलरचं नाक खाली-वर करून काढा. ट्रेलर जॅकवर उचलला की चेसिसखाली, एक्सलजवळ, दोन्ही बाजूंना घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टाकी उतरवताना दोन माणसं हवीत, एकाने धरायचं, दुसऱ्याने बोल्ट सोडायचे. पाइप कुठला कुठे होता त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

चौकट जमिनीवर वेल्ड करायची, ट्रेलरखाली झोपून नाही. दोन लांब अँगल १२५० मिमीचे, त्यांची एक बाजू उभी, म्हणजे टाकी कडेला सरकणार नाही. त्यांच्यात चार आडवे अँगल, साधारण ३८० मिमी अंतराने, सपाट बाजू वर आणि उभी बाजू खाली. त्यांच्यावर प्लाय. आता १४४ किलोचे चार वाटे झाले, आणि प्लायला दोन अँगलमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण मिमी झोल येतो. पुढच्या आणि मागच्या टोकाला अँगलचा एक-एक तुकडा उभा करून अडवण लावा. ब्रेक मारला की दीडशे किलो पाणी पुढे धावतं, ते या अडवणीवर थांबायला हवं, पाइपच्या जोडावर नाही.

प्लायला सगळ्या बाजूंनी, विशेषतः कडांना, दोन हात पेंट द्या आणि १० मिमीची आठ-दहा भोकं पाडा, म्हणजे वर पाणी साचणार नाही. टाकी आणि प्लायच्या मध्ये जुनं कार्पेट घालण्याची पद्धत आहे, ती मोडा. कार्पेट ओल धरतं, त्यात मुरमाचे खडे अडकतात आणि तोच खडा टाकीला भोक पाडतो. काही घालायचंच असेल तर ३ मिमीचं गुळगुळीत रबर घाला. नाहीतर नुसता रंगवलेला प्लायही चालतो.

प्रत्येक आडव्या अँगलच्या दोन्ही टोकांना पट्टीचे उभे पाय येतील, एकूण आठ. हे पाय चेसिसला कुठे धरतात याकडे लक्ष द्या. चेसिस चॅनलची (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडाची) असेल तर भोक चॅनलच्या उभ्या भिंतीत, मधोमध, ११ मिमीचं पाडा. खालच्या आडव्या पाकळीला भोक पाडू नका आणि तिच्यावर आडवं वेल्डिंग तर मुळीच नको, कारण चेसिस वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच कडेला असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. चेसिस चौकोनी पोकळ पाइपची असेल तर बोल्ट आवळला की पाइप चेपतो. तिथे भोकात बोल्टाच्या मापाचा नळीचा तुकडा घालून मग आवळा. एम-१० चा ८.८ बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळावा. टॉर्क पाना नसेल तर एखादा उसना आणा, अंदाजावर सोडण्यासारखं हे ठिकाण नाही.

आठ पाय लागले तरी चौकट झोपाळ्यासारखी पुढे-मागे हलते. दोन्ही बाजूंना फुलीच्या आकारात तिरक्या पट्ट्या लावल्या की ती थांबते. एका बाजूला दोन, अशा चार, प्रत्येकी सुमारे ४५० मिमी. हे काम कारागीर हमखास टाळतो. टाळू देऊ नका, कारण पायांची भोकं लांबट होतात ती याच हलण्यामुळे.

जमिनीपासूनची उंची कमी होईल, ही शंका अनेकांना येते. जुनी पट्टी ५ मिमी आणि तिचा झोल ४०, मिळून ४५. नवा अँगल ४० आणि प्लाय १२, मिळून ५२. सात मिमीचा फरक पडला.

वेल्डिंग ट्रेलरवर करावंच लागलं तर बॅटरीची ऋण तार सोडा, सोलर कंट्रोलरही वेगळा करा, गॅस सिलिंडर लांब न्या आणि टाकी उतरवलेलीच असू द्या.

जुनी टाकी पुन्हा वापरायची का

आधी उन्हात धरून आतून-बाहेरून बघा. कोपऱ्यांवर किंवा पाइपच्या जोडाभोवती पांढऱ्या रेघा दिसत असतील तर प्लास्टिक तिथे थकलंय. बारीक चीर सरळ भिंतीत असेल तर प्लास्टिक वेल्डिंगने सुधारते. कोपऱ्यात असेल तर टाकी बदला. एपॉक्सी पुटी आणि सोल्युशन पॉलिइथिलीनला धरत नाही, दोन दिवस थांबतं आणि पापुद्र्यासारखं निघून येतं. जळगावात ठिबकच्या आणि पाइपांच्या धंद्यामुळे प्लास्टिक जोडणारा माणूस शोधायला त्रास होत नाही. फक्त तो पीव्हीसीची काडी वापरत नाही ना, हे बघा. टाकीवर त्रिकोणात २ किंवा ४ आकडा असतो, काडी त्याच जातीची हवी. आकडा नसेल तर टाकीचा बारीक काप पाण्यात टाका: पॉलिइथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं.

चीर नाही, फक्त पोट सुटलंय, तर ते बरंचसं बसवता येतं. टाकी सिमेंटच्या सपाट फरशीवर सरळ ठेवा. दोन्ही लांब बाजूंना फळ्या लावून त्यांच्याभोवती पट्टा आवळा, नाहीतर बाजू बाहेर फाकतात. आत साठ अंशांचं पाणी चार-पाच बोटं भरा. तळ नरम होऊन पाण्याच्या वजनाने फरशीला टेकतो. तसंच रात्रभर थंड होऊ द्या आणि थंड झाल्यावरच पाणी काढा. २५-३० मिमीचं पोट पाच-सात मिमीवर येतं, तेवढं प्लायवर चालून जातं. गॅसची ज्योत किंवा हॉट एअर गन वापरू नका. एका जागी प्लास्टिक पातळ होतं आणि पुढे तिथेच फाटतं.

हवेची नळी आणि शेतातली मोटर

टाकी फुगलेली असेल तर चौकट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. भरताना आतली हवा बाहेर जायला किमान १२ मिमीची नळी मोकळी हवी. खानदेशात ती दोन कारणांनी बंद होते. एक, कुंभारमाशी तिच्या तोंडात मातीचं घर बांधते, ट्रेलर महिनाभर उभा राहिला तरी पुरतं. दुसरं, नळी कुठेतरी खाली झोल खाते, त्यात पाणी अडतं आणि हवा कोंडते. नळी टाकीपासून वर चढतच गेली पाहिजे, मध्ये कुठेही उतार नको. तोंड खाली वळवून स्टीलची बारीक जाळी बसवा.

कोंडलेल्या हवेचं किंवा पाण्याचं बळ किती असतं? भरायचा पाइप टाकीच्या माथ्यापासून एक मीटर उंच असेल आणि तो काठोकाठ भरला, तर या टाकीच्या तळावर नेहमीच्या वजनाशिवाय सुमारे ७२० किलोचा दाब पडतो आणि माथ्यावर तितकाच वरच्या दिशेने. माथा फरशीला टेकलेला असेल तर तो दाब चौकटीच्या पायांवरही उतरतो. म्हणून जादा पाणी बाहेर सोडणारी नळी टाकीच्या माथ्याजवळच काढावी, फरशीवर नव्हे. आणि शेतावर मुक्काम असताना बोअरच्या मोटरचा दीड-दोन इंची पाइप थेट टाकीच्या तोंडात कोंबून मोटर चालू करणं हा तर टाकी फोडण्याचा हमखास मार्ग आहे. पाइप तोंडात सैल राहू द्या, कडेने हवा निघाली पाहिजे. नाहीतर ड्रममध्ये पाणी घेऊन तिथून भरा.

उलट प्रकारही घडतो. नळी बंद असताना बारा व्होल्टचा पंप चालवला की टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि पंप धाप टाकल्यासारखा आवाज करतो. हा आवाज आला की आधी जाळी तपासा, पंप उघडू नका.

परत बसवताना

टाकीचा माथा आणि फरशी यांच्यात ईव्हीएच्या पट्ट्या द्या, म्हणजे खड्ड्यात टाकी उडून आपटणार नाही. बाहेर जाणारा पाइप निदान पहिला हातभर लवचिक हवा. टाकीपासूनच कडक सीपीव्हीसी जोडला तर प्रत्येक हादरा टाकीच्या जोडावर येतो. जोडाला टेफ्लॉन टेप, हाताने आवळून वर अर्धा वळसा, त्याहून जास्त नको.

आता टाकी भरा, पुन्हा लाइनदोरी लावा. रिकाम्या आणि भरलेल्या मापात मधोमध दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर प्लाय कुठेतरी टेकत नाहीये. भरलेली टाकी रात्रभर तशीच ठेवून सकाळी तेच माप घ्या. सगळ्या नटांवर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पेंटची एक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की नट सैल झाला. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळून घ्या, कारण नवा रंग आणि प्लाय थोडा बसतो.

पिण्याचं पाणी आहे, तेव्हा निर्जंतुक करायला विसरू नका. दीडशे लिटरला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर २३ ग्रॅम, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. चार तास ठेवा, मधे एकदा सगळे नळ उघडून पाइपातही ते पाणी येऊ द्या, मग सोडून दोनदा धुवा.

प्रवासात अर्धी टाकी सगळ्यात त्रासदायक. पूर्ण भरलेली जड असते पण आतलं पाणी हलत नाही. अर्धी भरलेली प्रत्येक वळणावर कडेला आदळते. शहाद्याहून तोरणमाळचा घाट किंवा चाळीसगावचा कन्नड घाट चढायचा असेल तर वीस-तीस लिटर कॅनमध्ये न्या आणि टाकी वर पोहोचल्यावर भरा. टाकी एक्सलच्या मागे असेल तर भरलेल्या पाण्याने ट्रेलरचं नाक हलकं होतं आणि महामार्गावर शेपूट हलायला लागतं. चौकट नवी करताय तेव्हाच ती एक्सलच्या जवळ किंवा किंचित पुढे सरकवून घ्या.

चेसिसच दोन मिमी पत्र्याची असेल, तर खाली काही टांगण्याचा नाद सोडा. टाकी आत, एक्सलच्या वर, बसायच्या पेटीत ठेवा. तळाला १८ मिमी प्लाय, बाजूंनी अँगलची चौकट, आणि ती चौकट बोल्टने चेसिसला. थोडी जागा जाते, पण मे महिन्यात पाणीही कमी तापतं.